चित्रात अंडे आहे

आपलं एक तरी चित्र आज विकलं जाणार, याबद्दल चित्रकाराच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका घ्यायचं काम बायकोने पत्करलं होतं आणि ती ते मन लावून करत होती. मेहुण्याच्या कॅफेतली भिंत महिनाभरासाठी मिळाली होती. आज शेवटचा दिवस. एकही चित्र खपलं नाही, तर उद्यापासून ब्रश खाली ठेवून मेहुण्याच्या गल्ल्यावर बसायचं, असं घरच्यांनी एकमताने ठरवलं होतं. मतदानाच्या वेळी चित्रकाराला दूध आणायला पाठवलं होतं.

चित्रं सगळी माणसांची. मधोमध खुर्चीत बसलेल्या सासूबाई, शीर्षक ‘प्रतीक्षा’. किंमत अशी, की वाचणाऱ्याने आधी आपला चष्मा पुसावा. रंग मात्र जुन्या पद्धतीने अंड्याच्या बलकात कालवलेले.

दुपारी एक गृहस्थ आले. काउंटरवरच्या केकना लावलेल्या चिठ्ठ्या त्यांनी वाकून वाचल्या: अंडे, दूध, गहू, अक्रोड. त्या बायकोने लिहिल्या होत्या, म्हणजे चूक सापडणं शक्यच नव्हतं. मग ते सासूबाईंपुढे जाऊन उभे राहिले आणि हललेच नाहीत. महिनाभरात त्या चित्रापुढे इतका वेळ फक्त पंखा थांबला होता, तोही वीज गेल्यामुळे.

संग्राहक! चित्रकार धावला.

“रंग वेगळा दिसतो,” गृहस्थ म्हणाले.

“अस्सल अंडं आहे त्यात. बाजारू रंगाला मी हात लावत नाही.”

“सगळ्या चित्रांत?”

“सगळ्या. फक्त बलक. पांढरं वाया घालवत नाही, ते मेहुण्याच्या केकमध्ये जातं.”

काउंटरमागे मेहुण्याला ठसका लागला.

“आणि हे विकायला आहे?”

“आपल्यासारख्या जाणकारालाच.”

गृहस्थांनी ओळखपत्र काढलं. अन्न निरीक्षक.

“मग ‘अंडे आहे’ असं यावर कुठे लिहिलंय?”

“शीर्षक आहे की. ‘प्रतीक्षा’.”

“प्रतीक्षेने कुणाच्या अंगावर पुरळ उठत नाही. अंड्याने उठतं.”

“अहो, पण चित्र कुणी खात नाही.”

“ते तुम्ही म्हणता. कॅफेत विकायला ठेवलेली, अंडं घातलेली वस्तू, एवढंच नियमाला दिसतं. नमुना तपासणीला न्यावा लागेल.”

“भावोजी,” मेहुणा दातओठ खात म्हणाला, “आता तरी तोंड आवरा.”

“नमुना आम्ही फुकट नेत नाही,” निरीक्षक म्हणाले. “लावलेली किंमत मोजतो.”

चित्रकाराने सासूबाईंना अशा चपळाईने भिंतीवरून उतरवलं, की खुद्द सासूबाई कधी खुर्चीतून तशा उठल्या नसतील.

“आणि नियमाप्रमाणे जागेवरच त्याचे चार सारखे भाग करायचे, चार ठिकाणी पाठवायला,” निरीक्षक म्हणाले.

चित्रकाराचा चेहरा पडला. चित्र जाड पुठ्ठ्यावर होतं. केकची सुरी बायकोनेच आणून दिली.

“आईचे दोन्ही डोळे एकाच तुकड्यात येऊ द्या,” ती म्हणाली, “नाहीतर दुसरा कुठे गेला, ते ती मलाच विचारेल.”

गल्ला टळला. आपलं चित्र सरकारी संग्रहात गेलं, असं चित्रकार भेटेल त्याला सांगू लागला. चार ठिकाणी, असंही सांगायचा.

मग प्रयोगशाळेचा अहवाल आला. बायकोने तो जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचला. “‘अंडे आढळले. नमुना निकृष्ट दर्जाचा.’ घ्या. यासाठी त्यांना यंत्रं लागली.”

चित्रकाराने कागद तिच्या हातून काढून घेतला आणि नीट घडी घालून खिशात ठेवला. त्याच्या कलेविषयी आलेला हा पहिलाच लेखी अभिप्राय होता, आणि लिहिणाऱ्याने चित्र निदान पाव तरी नीट पाहिलं होतं.