गाडीचं गाव

मला घरात घेतलं ते उत्तमभाऊंनी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात त्यांचं थोडं हसू होईल, आणि वाचणाऱ्याने मला बेइमान समजू नये.

मी रत्नागिरीकडचा. आठवीतून शाळा सोडली आणि ट्रकवर क्लीनर झालो. ताप भरला तेव्हा ट्रकवाल्याने मला वाशिमकडच्या अनसिंगच्या फाट्यावर उतरवलं नि तो निघून गेला. टपरीच्या बाकड्यावर पडलो होतो. पांढऱ्या पायजम्यातला एक उंच माणूस वाकला आणि माझ्या अंगाला हात लावला. नाव नाही, दुखणं नाही, एकदम म्हणाला, "गाव सांग पयले."

मी सांगितलं. त्यांनी ते कधी ऐकलेलं नव्हतं. गावाला नदी आहे की समुद्र, एवढं विचारून त्यांनी मला जीपमध्ये घातलं. तेव्हापासून मी त्यांचा ड्रायव्हर.

भाऊंचं सगळंच गावापासून सुरू होतं. बैल घेताना लोक दात बघतात, भाऊ आधी खोंडाचं गाव विचारतात. मुरमाड रानात वाढलेल्या जनावराचा खूर घट्ट, असा त्यांचा हिशोब. कुलूप घेतलं तरी दुकानदाराला ते कुठून आणलं ते सांगावं लागतं. अकोल्याच्या हाडाच्या डॉक्टरांनी काकूंच्या, म्हणजे भाऊंच्या बायकोच्या, गुडघ्याचा फोटो उजेडात धरला, तर भाऊंनी आधी डॉक्टरांचंच गाव विचारलं. ते आसेगावचे निघाले, मग इलाज सुरू झाला.

तर ती जीप एके दिवशी संपली. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि परत लावून टाकलं. काकूंना दवाखान्यात न्यायला गाडी हवीच होती. भाऊंची ऐपत होती, ठरलंही होतं: लहान चणीची, उंच बसणीची, भारीतली एसयूव्ही. मला मात्र झोप लागेना. गाडीच नाही तर ड्रायव्हर कशाला, हे भाऊंच्या डोक्यात यायच्या आत गाडी दारात यावी, एवढंच मी देवाकडे मागत होतो.

आणि भाऊंना गाडी पसंत पडेना.

वाशिमच्या शोरूममध्ये ते बॉनेटवर अंगठा दाबायचे, टरबूज दाबावं तसा. आगपेटीतली काडी काढून दरवाजाच्या फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवायचे. काडी कुठे सैल, कुठे घट्ट झाली की मान हलवून पुढच्या गाडीकडे. सेल्समनने मोठ्या कौतुकाने उघडणारं छत दाखवलं, तर भाऊ म्हणाले, "आमी छत गळू नये म्हणून मरून राह्यलो, अन् तुमी भोक पाडून देता?" एक गाडी परदेशी कंपनीची होती. तिचं सामान बाहेरून येतं आणि जोडणी इथे होते, हे कळल्यावर ते म्हणाले की सोयरिक तिकडची आणि मांडव इकडचा, भांडण झालं तर जायचं कोणाकडे.

शेवटी दरवाजा. दरवाजा लावताना भाऊ डोळे मिटतात. उघडायचा, लावायचा, ऐकायचं. डबा वाजल्यासारखा वाजला की बाद. कणगीचं झाकण बसावं तसा दबका आवाज आला की परत एकदा. एका गाडीचा तसा आला. काडीही सरळ फिरली. माझा जीव भांड्यात पडला.

"हे बनली कुठं?" भाऊंनी विचारलं.

सेल्समन म्हणाला, दोन कारखान्यांत बनते. एक पुण्याकडे, एक मद्रासकडे. भाऊ म्हणाले, मद्रासची द्या. त्याने समजावलं की पत्रा तोच, यंत्रं तीच, माणसाला फरक कळणार नाही. "फरक नाई ना? तं मंग तिकडचीच दे."

ही गोष्ट गावात पसरली. उत्तमभाऊ बैलात चुकत नाहीत, म्हणजे मद्रासचा पत्रा जाड असला पाहिजे, असं पानटपरीवर ठरलं. किन्हीराजा गावचे एक पाटील तर शोरूमला जाऊन मद्रासचीच गाडी मागून आले म्हणतात.

गाडी आल्याचा निरोप आला. आम्ही तिघं गेलो. हार तयार, नारळ तयार. भाऊंनी सेल्समनला गाडीवर कोरलेला कारखान्याचा नंबर वाचून गाव सांगायला लावलं. गाडी पुण्याकडची निघाली. भाऊ तिच्यात बसलेसुद्धा नाहीत. आम्ही एसटीने परत आलो. काकूंना पायरी चढवेना, मी आणि कंडक्टरने हात दिला. एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी नवऱ्याला ऐकवणारी ही बाई, पण त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. मला त्याचंच नवल वाटलं.

दुसरी गाडी यायला दिवाळी उलटली. ही मद्रासची. मी ती चालवत आणली आणि अंगणात उभी केली. गोठ्यात नवा बैल आला की पायावर पाणी घालतात, तसं काकूंनी चारही चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. भाऊ दरवाजापाशी गेले. डोळे मिटून लावला. उघडला. परत लावला. मग नुसताच हात ठेवून उभे राहिले, तापलेल्या पोराच्या अंगाला लावावा तसा. तो हात मला ओळखीचा होता.

काकू ओट्यावर फोन घेऊन बसल्या होत्या. पलीकडे विनोद होता, त्यांचा मुलगा. तो घर सोडून गेला ते मी यायच्या आधी. बापाची काळी जमीन टाकून दुसऱ्याचा पत्रा ठोकायले चालला, असं भाऊ त्याला भर ओट्यावर बोलले होते. तेव्हापासून बापलेकात बोलणं नाही. काकूंनी फोनवर हात धरला आणि मला हळूच म्हणाल्या, "त्याच कारखान्यात हाय आमचा विनू. दरवाजे बसवते."

मी भाऊंकडे बघितलं. त्यांची पाठ आमच्याकडे होती.

काकूंनी फोन पुढे केला. "बोलता का?"

भाऊंनी नाही म्हणून मान हलवली. खिशातून आगपेटी काढली, काडी काढली आणि ती फटीतून वरून खालपर्यंत फिरवली. मग न वळताच म्हणाले, "त्याले सांग, दरवाजा बराबर बसला म्हना."

काकूंनी सांगितलं. 

आता मी ती गाडी चालवतो. अकोल्याचा रस्ता तिला पाठ झाला आहे. मला अनोळखी बाकड्यावरून उचलणाऱ्या माणसाचं देणं मी काय फेडणार, शिक्षण नाही, काही नाही. पण स्टिअरिंग माझ्या हातात आहे. एक दिवस दवाखान्याला म्हणून दोघांना गाडीत बसवीन आणि वळण न घेता सरळ दक्षिणेला सुटेन. त्या कारखान्याच्या फाटकापाशी गाडी उभी करीन आणि भाऊंच्या बाजूचा दरवाजा स्वतः उघडीन. वाटेत त्यांनी कुठे नेतो म्हणून विचारलं, तर पहिले गावच सांगीन.