खंडूअण्णांच्या सरदाराचा करार

आमच्या शेजारचे खंडूअण्णा भूत समोर आलं की तलवार उपसत नाहीत, आधी चौकशी करतात. कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघून मोठ्यानं विचारतात, "कुठं निघालात?" तोवर भूत यांच्या सरदाराचा मुडदा पाडून मोकळं! मग माझ्याकडं वळून म्हणतात, "बघितलंस? लई माणूसघाणं हाय."

अण्णा मूळचे अणदूरचे. धाराशिवच्या बसस्थानकात खिडकीत बसून तीस वर्षं गाड्या सोडल्या. निवृत्त झाल्यावर पुण्याच्या लेकीनं आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला, त्यात हा गेम होता. दुसरा कुणी असता तर त्यावर पत्ते खेळला असता. यांनी सहा वर्षं एका अंधाऱ्या राज्यात काढली.

मी शाळेत भूगोल शिकवते. या खेळाशी माझा काडीचा संबंध नव्हता. पण श्रावणात अण्णांच्या छातीत दुखलं, सोलापूरच्या डॉक्टरांनी बायपास सांगितली, गणपतीनंतरची तारीख दिली. घरी आल्या आल्या अण्णा मला म्हणाले, "पोरी, तू खेळ शिकून घे. म्या नसताना सरदाराकडं बघाया कुणीतरी पायजे."

"अहो अण्णा, कॉम्प्युटर बंद केला की सरदार जिथल्या तिथं थांबतो. त्याला काय चारा-पाणी करायचंय?"

"तसं एकट्याला सोडून जात न्हायत."

झालं! रोज शाळा सुटली की माझी शिकवणी. गोष्ट म्हणाल तर चार ओळींची. राजा मेला, राणीनं शाप दिला, सूर्य उगवायचा थांबला आणि मेलेली माणसं हिंडायला लागली. आपला सरदार एकटा. मेला की पहिल्या विहिरीपाशी पुन्हा उठतो, पुन्हा चालायला लागतो. शेवटी राणीला गाठायचं. पण चार ओळींत सांगतील तर ते अण्णा कसले!

"घाई करू नको. गाडी लागलीय, सुटली न्हाय," हे त्यांचं पालुपद. "पहिला थांबा विहीर. तिथून कवट्यांचा पूल. पुलावर उतरायचं न्हाय. फुडं जळकं देऊळ, तिथं धा मिनिटं थांबायचं."

"थांबायचं कशाला? मी दमले नाहीये."

"तू न्हाय गं. सरदार दमलाय."

लढाई जिंकली की गुण मिळतात. ते बळात टाका, चपळाईत टाका, नाहीतर जादूत. शहाणा माणूस बळात टाकेल. अण्णांनी सगळेच्या सगळे ओझं उचलण्यात टाकलेले! का, तर वाटेत पडलेलं सगळं सरदारानं उचलायचं. त्याच्याजवळ एकोणीस मोडक्या ढाली, चार मेलेल्यांचे जोडे आणि एक बिनतळाचा हंडा.

"कुणाचंतरी ऱ्हायलं असंल. इचारत आला तर?"

प्रवाशांच्या विसरलेल्या पिशव्या आयुष्यभर सांभाळल्या, त्याचा हा परिणाम. आणि त्या ओझ्यापायी पळता येईना म्हणून मी बाई रोज पुलावर मरत होते.

"टाकून द्या हो त्या ढाली!" मी एकदा ओरडलेच.

"सरदार तुझा न्हाय," अण्णा थंडपणे म्हणाले.

इकडं लेकीचे मला फोन. "ताई, बाबांनी रिपोर्ट एका जागी ठेवले का? ते माझ्याशी ऑपरेशनचं बोलतच नाहीत." माझ्याशी तरी कुठं बोलत होते! विषय काढला की पडद्याकडं बोट, "डावीकडं बघ, मढं आलं." वैताग नुसता.

सोलापूरला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांची बॅग भरत होते. अण्णांनी माझ्यापुढं कोरा कागद आणि पेन ठेवलं. "करार लिही."

"कसला?"

"आमचा अणदूरचा खंडोबा काही दिवस नळदुर्गाला ऱ्हातो. न्हेताना गावकरी लेखी करार करत्यात. कवा न्हेणार, कवा परत आणणार, समदं कागदावर. देवाचा कागद हुतो, मग सरदाराचा नको व्हय?"

माझं डोकंच फिरलं. "अण्णा, चार दिवसांनी तुमची छाती उघडणार आहेत, आणि तुम्हाला त्या खेळाचा कागद सुचतोय? मी काय तुमचा सरदार पळवून नेणार आहे?"

बोलून गेले आणि जीभ चावली.

अण्णांनी पेन उचलून माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "तुझ्यावर भरवसा हाय गं. कागद तुला बांधाया न्हाय."

"मग?"

"मला. देवसुद्धा ठरल्या तारखेला घरला येतो. माझीबी तारीख घाल."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. महिनाभर सरदार-सरदार करणारा हा माणूस आतून पार घाबरून गेला होता, आणि मी त्याच्यावर खेकसत बसले होते. मला माझीच लाज वाटली.

मी लिहायला बसले. सरदाराचा ताबा आजपासून माझ्याकडं. ढाली जशाच्या तशा ठेवण्यात येतील. दसऱ्याला खंडूअण्णा परत न आल्यास...

"ते न्हाय लिहायचं," अण्णा खांद्यावरून वाचत होते.

"मग काय लिहू?"

"येतील. एवढंच."

मी 'न आल्यास' खोडलं. 'येतील' लिहिलं. अण्णांनी चष्मा पुसून परत एकदा वाचलं.

"जरा ठळक कर," ते म्हणाले.

मी तो शब्द दोनदा गिरवला आणि खाली आम्ही दोघांनी सह्या केल्या.