काळ्या मोहऱ्यांचा जावई

“तुझ्या अप्पांना मी सतरा चालींत गार करतो! तेही वजीर देऊन!” ऋतुराजनं एचएसआर लेआउटमधल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये जाहीर केलं.

समोर बसलेल्या रम्याची इडली सांबारातच बुडाली. “तुला? घोडा अडीच घरं चालतो हे तुला गेल्या आठवड्यात कळलं ना रे?”

प्रश्न लग्नाचा होता. ऋतुराज कोल्हापूरहून इथं कानडी मुलखात नोकरीला आलेला. रम्याचं मराठी घराणं इथल्याच बसवनगुडीत पिढ्यान्‌पिढ्यांचं, बोलण्यात कानडी मिसळलेलं. तिच्या वडिलांनी, संताजीरावांनी, आधीची दोन स्थळं एकाच वाक्यात परत पाठवली होती : “बुद्धिबळ येत नाही? मग डोकं चालतं कशावरून?” दिवाणखान्यात कायम मांडलेल्या पटामुळे अख्खी गल्ली त्यांना मास्टर म्हणायची.

अख्खं बुद्धिबळ शिकायला ऋतुराजला वेळ नव्हता. म्हणून त्यानं एकच माणूस धरला : पॉल मॉर्फी! दीडशे वर्षांपूर्वीचा अमेरिकन बादशहा. त्याचाही एकच डाव धरला. पॅरिसच्या ऑपेरात बसून मॉर्फीनं एका ड्यूकला आणि त्याच्या जोडीदाराला वजीर बहाल करून मात दिली होती, तो डाव. ऋतुराजनं तो अथर्वशीर्षासारखा पाठ केला. आंघोळ करताना म्हटला, सिल्क बोर्डच्या सिग्नलला म्हटला. तिथं तर पाच-सहा आवर्तनं आरामात व्हायची!

रविवारी तो बसवनगुडीत हजर झाला. रम्याच्या आईनं, भाग्यलक्ष्मीबाईंनी, कॉफी दिली. संताजीरावांनी पट पुढं ओढला आणि दोघांचे हात एकदमच पांढऱ्या मोहऱ्यांवर पडले.

“तुम्ही पाहुणे. तुम्ही काळे घ्या.”

“नाही काका, मला पांढऱ्यांचीच सवय आहे.”

“मलाही!”

शेवटी संताजीरावांनी दोन मुठींत दोन प्यादी लपवली. ऋतुराजनं उजवी मूठ निवडली. काळं निघालं! त्याचं तोंडही त्याच रंगाचं झालं.

संताजीरावांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. मग घोडा काढला. ऋतुराजला येत होत्या त्या ड्यूकच्याच चाली. तो त्या खेळत गेला. पाचव्या चालीला त्याला उमगलं. हा तर आपलाच डाव! फक्त आपण मॉर्फीच्या खुर्चीत नाही, ड्यूकच्या खुर्चीत बसलोय! पुढं कुठं मरायचं, कसं मरायचं, सगळं तोंडपाठ!

नववी चाल आली. आता काळ्यानं एक प्यादं पुढं ढकलायचं, पांढऱ्या घोड्यानं ते खायचं आणि तिथून काळ्याचं दिवाळं निघायचं. संताजीरावांचा हात आधीच घोड्यावर होता. ऋतुराजनं देवाचं नाव घेतलं आणि पार दुसऱ्या कडेचं प्यादं सरकवलं.

संताजीरावांनी घोड्यावरचा हात मागं घेतला. “हे काय?”

“चाल.”

“अशी चाल नाही!”

“का? प्यादं एक घर जातं की.”

“जातं हो! पण इथं जात नाही!”

मग ते विचारात पडले. कॉफीवर साय धरली. आतून भाग्यलक्ष्मीबाई म्हणाल्या, “अहो, ऊटाला या की! भात गार होतोय!” “सरी, सरी, स्वल्प थांब!” असं म्हणत त्यांनी शेवटी घाबरत घाबरत एक प्यादं हलवलं. ऋतुराजनंही कपाळाला आठ्या घालून, बऱ्याच वेळानं, आणखी एक प्यादं हलवलं.

पापड घेऊन आलेली रम्या पटाकडे बघतच राहिली. “अप्पा, तुमचा उंट मघापासून मरायला बसलाय! आणि ऋतु, तू तो मारत का नाहीस?”

दोघांनी पटावर मान खाली घातली. उंट खरंच बसला होता! रम्यानं एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा ऋतुराजकडे, आणि ओठ दाबून ती आत पळाली.

संताजीराव पुढं झुकले. “खरं सांगा, तुम्हाला येतं किती?”

“एकच डाव, काका. मॉर्फीचा.”

“ऑपेरातला?”

“हो.”

“मलाही तेवढाच!” त्यांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली. “हिला ठाऊक नाही. तीस वर्षं मी मास्टर आहे या घरात. कुणी खेळायला आलंच नाही म्हणून निभावलं.”

त्यांचा चेहरा इतका पडला, की ऋतुराजला राहवलं नाही. त्यानं आपली दोन्ही प्यादी मुकाट्यानं मागं घेतली. संताजीरावांनीही आपलं घेतलं. मग ऋतुराजनं ड्यूकचं ते प्यादं पुढं ढकललं.

पुढं सगळं सुरळीत झालं. “वजीर दिला!” संताजीराव खिडकीची तावदानं हलतील एवढ्यानं ओरडले. “ये, बघ गं! वजीर दिला! आणि ही मात!”

भाग्यलक्ष्मीबाई पदराला हात पुसत आल्या. “पोरगा हरला की हो! मग?”

“मग काय? हरताना तोंड वाकडं केलं नाही त्यानं. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही!”

लग्न झालं. तेव्हापासून दर रविवारी बसवनगुडीत तोच डाव होतो, तोच वजीर जातो, तीच मात बसते. बघायला शेजारपाजारही जमतो. “इंजिनियर आहे म्हणे,” लोक हळहळतात, “पण तीच चूक किती वेळा करायची!”

परवा ऋतुराजनं हळूच विनवलं, “मामा, एकदा तरी पांढरे मला द्या ना!”

“घ्या की,” सासरे कानात म्हणाले. “पण मग हरायचं कुणी? काळ्याच्या चाली मी पाठच केल्या नाहीत!”