दोन्हीकडे लाइट असताना

मौल्यवान वस्तू माणसाने कधीही एकाच जागी ठेवू नये. म्हणूनच शहाणा माणूस सोनं कपाटात ठेवतो, कपाटाची किल्ली देव्हाऱ्यात ठेवतो आणि किल्ली कुठे ठेवली हे लक्षात ठेवायचं काम बायकोकडे देतो. याच तत्त्वावर शिरूरच्या उभयतीर सहकारी दूध संघाने २००५ साली संगणकातल्या माहितीची रोज दुसरी प्रत ठेवण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. (विरोधी संचालक तेव्हा चहाला गेले होते.) कागदी रजिस्टरं त्याच आठवड्यात रद्दीत गेली.

पुण्याच्या सल्लागाराने सांगितलं, प्रत इतकी लांब ठेवा की घोड नदीला पूर आला तरी तिथे पाणी पोचू नये. त्यासाठी दौंड तालुक्यातलं वरवंडचं शीतकरण केंद्र निवडण्यात आलं. (जागा उपाध्यक्षांच्या मेहुण्याची होती, पण पुराला नाती कळत नाहीत.) दोन्हीकडे एकेक सर्व्हर बसला, फोनच्या तारेने जोडला गेला, नारळ फुटले. माहिती पाठवायचं वेळापत्रक आखायचं काम आलं करुणाकडे. करुणा म्हणजे संघाची संगणक ऑपरेटर, सहा-सहा महिन्यांच्या करारावर चार वर्षं लोंबकळत असलेली. अध्यक्ष हौशीराम आप्पांनी तिला शब्द दिला, "पोरी, दोन्हीकडची माहिती जुळली की तुझी कायमची आर्डर काढली म्हनून समज." करुणा त्या दिवशी घरी चालत गेली नाही, तरंगत गेली.

अडचण एकच होती. माहिती पाठवायला दोन्हीकडे एकाच वेळी लाइट लागते. लोडशेडिंग मात्र मोठ्या न्यायबुद्धीने वाटलेलं होतं: शिरूरला लाइट आली की वरवंडची जायची. करुणा फोन लावायची आणि केंद्रावरचे खंडूमामा आनंदाने सांगायचे, "आत्ताच गेली बग! तुमच्याकडं आली व्हय? मंग बराबर हाय." जनरेटर होते, पण ते दुधासाठी. दूध नासतं, माहिती नासत नाही, असं आप्पांचं मत होतं.

मग एकदा शिरूरला कुस्त्यांच्या आखाड्याला नामदार आले आणि दिवसभर लाइट गेली नाही. करुणाने ताबडतोब टिपण सादर केलं: नामदार व्यासपीठावर असताना वीज घालवण्याची छाती कोणत्याही खात्याला नसते. सबब, शिरूर व वरवंड येथे एकाच वेळी एकेक मान्यवर उभा केल्यास माहितीचे वहन शक्य आहे.

आप्पांचे डोळे भरून आले. "याला म्हंत्यात टेक्नॉलॉजी," ते म्हणाले.

त्यानंतर संघाने मागे वळून पाहिलं नाही. गुणवंतांचा सत्कार झाला, नापासांचं सांत्वन झालं, म्हशींची नेत्रतपासणी झाली. एका पाणपोईचं भूमिपूजन इतक्या वेळा झालं की तिथे आपोआप पाणी लागलं. मान्यवरांच्या शेजारी शिरूरला आप्पा, वरवंडला उपाध्यक्ष, आणि दोन्ही मंचांवर आलटून पालटून हार पुढे करायला शिपाई भिमा, मोटारसायकलवरून. जिल्ह्यात इतकी नियोजित आपत्तीपूर्वतयारी दुसऱ्या कुणी केली नसेल.

फक्त आप्पांनी एक छोटी सुधारणा सुचवली. लाइट आहे तोवर मागच्या कार्यक्रमाचे फोटो आधी जाऊ द्यावेत. फोटो जड, फोनची तार बारीक. फोटो जाईपर्यंत आभारप्रदर्शन उरकायचं, नामदार गाडीत बसायचे आणि लाइट जायची.

"आप्पा, दुधाचं राहतंय," करुणा कळवळून म्हणायची.

"अगं, दूध काय, रोजच येतंय. हार रोज येतोय व्हय?"

आपत्ती आली ती मुतारीच्या लोकार्पणाला. मांडववाल्याने रोषणाईची वायर सर्व्हरच्याच बोर्डात खोचली. धूर निघाला, लोकांना वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे, टाळ्या पडल्या. शिरूरचा सर्व्हर गेला. वरवंडचा उघडला तेव्हा त्यात बाराशे फोटो निघाले आणि दूध थेंबभरही नव्हतं.

पण संघ डगमगला नाही. उपलब्ध माहितीवरून सभासदांची नवी यादी करायचं ठरलं. जो फोटोत टाळ्या वाजवताना दिसेल, तो सभासद. वीस वर्षं दोन्ही वेळा दूध घालणाऱ्या रतनबाई करुणाच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मी कुटं हाय त्यात?"

करुणाने सगळे फोटो पाहिले. "न्हाई सापडत, मावशी."

"मला कसं जमायचं? कार्यक्रमाच्या टायमाला धारा कुनी काढायच्या? म्हशीचा तरी हाय का फोटो?"

म्हशीचा होता. नेत्रतपासणीतला. म्हैस सभासद झाली.

वरवंडची प्रत शिरूरच्या नव्या सर्व्हरवर उतरवली आणि दोन्हीकडची माहिती तंतोतंत जुळली. आप्पा शब्दाचे पक्के. त्यांनी कायम ऑर्डरचा कागद मागवला. पण नोकरांची यादीही फोटोंवरूनच झालेली, आणि करुणा प्रत्येक कार्यक्रमाला आत सर्व्हरपाशी बसून होती. तेव्हा कायम संगणक ऑपरेटर म्हणून, सर्वांत जास्त फोटोंत असलेल्या भिमाची नेमणूक झाली. करुणाला फार वाईट वाटलं. ती रडायला लागली आणि मधेच हसायला लागली, कारण भिमा तिलाच विचारत होता, "ताई, ह्यो चालू कुटनं करायचा?"

यादी संघाच्या दारावर लावली आहे. आपला यात काय संबंध, असं वाटत असेल तर मुतारीच्या लोकार्पणाचा, कॅमेऱ्यातच राहिल्यामुळे वाचलेला फोटो जरा मोठा करून बघा. मागे धूर निघतोय. दुसऱ्या रांगेत, मांडीवर पेढ्यांचा पुडा सांभाळत, जीव तोडून टाळ्या वाजवणारे ते तुम्हीच ना? अभिनंदन. तुमचं सभासदत्व कायम आहे.