पाहुण्याचा झेंडा आमच्या दारात

पाहुणचार शिकायचा असेल तर माणसानं रावेर तालुक्यात, आमच्या गल्लीत यावं, असं मी पूर्वी छातीठोकपणे सांगायचो. आता जरा हळू सांगतो.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. ठिबक सिंचन तेव्हा आमच्याकडे नवं होतं. इस्राएलहून एक शेतीतज्ज्ञ येणार, केळीचं एक शेत निवडणार आणि त्यात फुकट ठिबक बसवून गावाला दाखवणार, असं ठरलं. उमेदवार दोनच. एक मी आणि दुसरा बांधाला बांध असलेला अभिमन. माझी विहीर उन्हाळ्यात तळ दाखवायची, म्हणून मला ते ठिबक हवंच होतं.

"केळी दोघांची सारखीच," मी बायकोला, सुनंदाला म्हटलं. "पाहुणा जिंकायचा तो दारात!"

जळगावहून आलेल्या माहितीपत्रकावर त्यांचा झेंडा छापला होता. पांढऱ्यावर दोन निळे पट्टे, मधे सहा टोकांचा तारा. सुनंदा बघून हसली.

"अहो, ही तर आपली लक्ष्मीपूजनाची चांदणी. एक त्रिकोण सुलटा, एक उलटा. डोळे मिटून काढते मी."

झालं! पाहुणा येणार त्या पहाटे मी गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका कामाला लावल्या. कपड्यांची नीळ रांगोळीत कालवली. गल्लीच्या तोंडापासून माझ्या दारापर्यंत नुसते झेंडेच झेंडे! "बोटभर जागा मोकळी सोडू नका," मी बजावलं. अभिमनची बायको ताईबाईसुद्धा आली. तिचा हात फार सुबक.

"वहिनी, तुम्ही आमच्याकडून?" मी चिडवलं.

"पाहुणा गावाचा आहे, भाऊ," ती म्हणाली आणि पट्टे भरत बसली.

गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. पाहुणा हसत उतरला, एक पाय उचलला आणि बगळ्यासारखा तसाच उभा राहिला. खाली बघून त्याचा चेहरा लालबुंद झाला. सोबत आलेल्या शेतीखात्याच्या रुपचंद साहेबांना तो फाडफाड काहीतरी बोलला.

साहेब माझ्या कानाशी लागले. "शालिग्रामभाऊ, हे काय केलंत? ते विचारतात, माझ्या देशाचा झेंडा जमिनीवर कशाला? तुडवायला?"

मी खराटा घेऊन पहिल्या झेंड्यावर धावलो. पाहुणा "नो, नो!" करत खराट्यालाच लटकला. झेंड्यावर खराटा म्हणजे तर आणखीच वाईट!

शेवटी सुनंदा पुढे झाली. "साहेब, त्यांना सांगा, घरी लक्ष्मी यायची असते तेव्हा आम्ही ही चांदणी काढतो. तिच्यावर कुणी पाय देत नाही. बाजूनं जातात."

साहेबांनी समजावलं आणि पाहुण्याची कळी खुलली. त्यानं उकिडवं बसून रांगोळी निरखली, सुनंदाला हात जोडले, फोटो काढले. माझा जीव भांड्यात पडला.

"चला तर मग, बाजूनं आमच्या मळ्यात," मी म्हटलं.

पण बाजू होती कुठे? पाहुणा तर आता एका रेघेवरही पाय द्यायला तयार नव्हता. अख्ख्या गल्लीत एकच अंगण मोकळं होतं, जीपच्या अगदी शेजारचं, नुसतं सारवलेलं. पहाटेपासून माझ्यासाठी राबणाऱ्या ताईबाईला स्वतःच्या दारात दोन रेघा ओढायलाही सवड मिळाली नव्हती.

त्या अंगणातून पाहुणा आत गेला, मागच्या दारानं थेट घरामागच्या अभिमनच्या केळीत उतरला आणि तिथेच रमला. ठिबकही तिथेच बसलं.

त्या दिवाळीला सुनंदा रांगोळीचा डबा घेऊन उंबऱ्याशी बसली, तेव्हा मी हात जोडले. "यंदा दार मोकळं सोड गं. लक्ष्मी तरी सरळ आत येऊ दे."