बैलांचा सोमवार

"सोमवारी संध्याकाळी याच जागेवर पाट मांडून मी भाकरी खाणार! नाही खाल्ली तर नावाचा सोमलिंग नाही!"

सोमलिंगअण्णांनी ही गर्जना केली तेव्हा ज्या जागेकडं ते बोट दाखवत होते, तिथं एक डुक्कर पाय ताणून झोपलं होतं. त्यानं एक डोळा उघडला, अण्णांकडं पाहिलं आणि पुन्हा मिटला. गल्लीनंही साधारण तेच केलं.

त्यात गल्लीची चूक नव्हती. अण्णांचं सोलापुरात चादरींचं दुकान, माणूस सोन्यासारखा, पण सुधारणेचा भारी नाद! मागच्या वर्षी त्यांनी गल्लीला पहाटे लिंबूपाणी प्यायला लावलं होतं, तेव्हा पेठेतली लिंबं महाग झाली. त्याआधी सगळ्यांनी सायकलनं कामाला जायचं ठरवलं होतं, तेव्हा अण्णाच पहिल्या वळणावर गटारात गेले. त्यामुळं अण्णांनी तोंड उघडलं की लोक आधी आपापली चप्पल शोधायचे.

पण या खेपेला गोष्ट नादाची नव्हती. दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते, पण गल्लीच्या टोकाचा उकिरडा काही सरला नव्हता. शेणमूत, शेंगांची टरफलं, उसाचं चिपाड, मागावरच्या सुताचा कचरा, सगळं तिथं. रोज तिन्हीसांजेला कुणीतरी त्याला काडी लावायचं आणि धूर बरोब्बर अण्णांच्या खिडकीतून आत! आत शिवबाई. अण्णांची बायको. तिला दमा. मिलचा शेवटचा भोंगा झाला तरी तिचा खोकला थांबत नसे. पूर्वी ती हसली की शेजारी ऐकू जायचं. आता हसू आलं तरी पदर तोंडाशी धरायची, कारण हसण्यापाठोपाठ ढास! डॉक्टर म्हणाले होते, "गोळ्या देतो, पण हिला धुरातनं काढा आणि रोज चालवा." अण्णांनी ते मनावर घेतलं होतं. बाकी काही म्हणा, बायकोवर त्यांचा जीव होता.

जागा होती काशम्माची. काशम्मा म्हणजे गल्लीचं हायकोर्ट! आणि नेमका त्याच आठवड्यात कोळशाचा एक वखारवाला तिच्याकडं येऊन जागा मागून गेला होता. धुराच्या जागी कोळशाची भुकटी! अण्णा धावतच तिच्याकडं गेले.

"काशम्मा, वखारीला देऊ नका. मी साफ करतो. बायाबापड्यांना संध्याकाळी फिरायला होईल."

"तू?" काशम्मानं पायापासून टोपीपर्यंत अण्णांना न्याहाळलं. "बरं. बघ पंधरा दिसांत जमतंय का."

"पंधरा दिवस? सोमवारी! सोमवारी संध्याकाळी!"

"लेका, मी काय सोमवार म्हटलं न्हाय."

"मी म्हणतोय की!"

"मग सोमवार. न्हाय जमलं तर मंगळवारी वखारवाला."

बघा, हे असं! देणारी पंधरा दिवस देत होती, घेणाऱ्याला घाई!

अण्णांचा बेत मात्र झकास होता. वळसंगचा नागप्पा त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्याच्या बहिणीचं शेत अक्कलकोट रस्त्याला, गाव संपलं की लगेच. उकिरड्याचं खत शेताला, जागा गल्लीला, हवा शिवबाईला! नागप्पा दुकानात चादर बघत होता, तिथंच अण्णांनी त्याला धरलं.

"सोमवारी सकाळी यायचं! बैलगाडी घेऊन!"

"येतो की अण्णा. पण सोमवारी—"

"पण-बिण काही नाही! रविवारी मिल बंद, माणसं घरी, सगळे मिळून कचरा निवडतील. सोमवारी उचलायचा."

"ते खरं, पण बैलं—"

"बैलांना मी गूळ खायला घालतो! सोमवार म्हणजे सोमवार!"

"बरं," नागप्पा म्हणाला. त्याचं तोंड पुन्हा उघडलं होतं, पण अण्णांनी त्यात पानाचा विडा घातला.

रविवारी अण्णांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून गल्लीत आरोळी दिली, "ओलं एकीकडं, सुकं एकीकडं! काडी कुणी लावायची नाही!" आणि काय आश्चर्य, लोक आले! शेजारच्या बजाबाईनं तर घराचा माळाच उतरवला. फुटकी घमेली, सुटलेली खाट, सासऱ्याच्या काळातली गादी! "गाडी येणारच हाय तर न्हेऊ द्या की!" दुपारपर्यंत बातमी पलीकडच्या गल्लीत गेली. संध्याकाळी त्याच्याही पलीकडची गल्ली टोपल्या घेऊन आली. उकिरडा कमी व्हायचा तो दुप्पट झाला! वर अण्णांनी गाडीत भरायला सोपं पडावं म्हणून तो उकरून सगळ्या गल्लीभर पसरवून ठेवलेला. थेट काशम्माच्या उंबऱ्यापर्यंत.

"उद्या गाडी येतेय," अण्णा नाकाला रुमाल लावून सगळ्यांना सांगत होते.

सोमवारी सकाळी नागप्पा आला. अगदी वेळेवर आला. कपाळाला भस्म, अंगात धुवट सदरा, हातात नारळ. आणि स्टँडावरनं चालत आला!

"गाडी कुठंय?"

"दारात हाय की."

"कुणाच्या दारात?"

"आमच्या. वळसंगात."

"आणि बैल?"

"गोठ्यात. आज सोमवार न्हवं का अण्णा? बसवण्णाचा वार. आज बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत."

अण्णांचा चेहरा कडक भाकरीसारखा झाला. खरंच की! सोमवारी, बसवण्णाच्या म्हणजे नंदीच्या वारी, बैल जुंपायचा नाही, ही तर त्यांच्या सात पिढ्यांची रीत! अण्णा स्वतः सोमवार धरत होते, आत्ताही पोटात नुसता चहा होता. स्वतःचा सोमवार पक्का पाठ, बैलाचा सोमवार साफ विसरलेले!

"मग तू का आलास?"

"तुमी बोलावलं म्हणून! म्हटलं, आरंभाचा नारळ फोडायचा आसंल."

"अरे, मग त्या दिवशी सांगायचंस की!"

"सांगतच हुतो. तुमी विडा घातला तोंडात."

अण्णांनी आवाज खाली आणला. "नागप्पा, एकच दिवस… कुठून तरी बैलजोडी…"

"कोण जुपतंय रं सोमवारी?" ओट्यावरून आवाज आला. अण्णांचे वडील, सिद्धलिंगप्पा! एरवी जेवायला हाक मारली तर ऐकू येत नसे, पण बैलाचं नाव निघालं की कान तीक्ष्ण! मुलानं शेती सोडून दुकान टाकल्यापासून म्हातारा त्याच्याशी नीट बोलला नव्हता. आता काठी आपटत म्हणाला, "बैलाला हात लावशील तर ह्या घरात पाणी पिणार न्हाय मी!"

अण्णांनी टांगेवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "अण्णा, ये तांगा है! घोड्याला वास आला तर माझ्यासकट पळंल!" काशम्मा तिच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभी होती. पायापुढं बजाबाईच्या सासऱ्याची गादी. "संध्याकाळ हुतीया सोमलिंगा," ती म्हणाली, आणि अजून सकाळचा चहासुद्धा निवला नव्हता.

तेवढ्यात आतून ढास ऐकू आली. लांबलचक, थांबता थांबेना. अण्णांनी टोपी काढून ओट्यावर ठेवली.

"नागप्पा, सोमवार बैलाला आहे ना? माणसाला नाही ना?"

"माणसाला कुटला?"

पेठेतल्या अड्ड्यावर सोमवारमुळं गाड्या रिकाम्याच उभ्या होत्या. एक गाडी मागून आणली. ओला कचरा भरला आणि जुवाखाली एका बाजूला नागप्पा, दुसऱ्या बाजूला चादरींचे व्यापारी सोमलिंगअण्णा! गाडी हलली. अण्णांच्या पाठीत काहीतरी कटकन वाजलं, पण गाडी हलली.

आता खरी गंमत. पेठेत गाडी आली आणि समोरून सिद्धेश्वराच्या देवळातून परतणाऱ्या बायका! सोमवार, त्यामुळं झुंडीच्या झुंडी. फूलवाली गुरम्मा उठूनच उभी राहिली.

"अगं बाई! हे काय वो?"

नागप्पा खोटं बोलणारा माणूस नव्हता. "बसवण्णाचा वार हाय. बैलाला इसावा. म्हणून अण्णा सोता जुपलं!"

झालं! गुरम्मानं टोपलीतला झेंडूचा हार काढला आणि सरळ अण्णांच्या गळ्यात घातला. "कसला नवस म्हनायचा हा! धन्य हाय!"

"अहो… नवस… नाही…" अण्णांना धाप लागलेली. "कच… कच…"

"बघा, बोलवत बी न्हाय! मौन धरलंय!"

बायकांनी कपाळाला कुंकू लावलं, पायावर पाणी घातलं. कुणीतरी जुवाला घुंगरं बांधली. एका म्हातारीनं तर भक्तीच्या भरात पेंडीची ढेप पुढं केली. अण्णांना इतकी भूक लागली होती की त्यांनी घेतलीही असती, पण पेंड उपवासाला चालते की नाही हे त्यांना नक्की माहीत नव्हतं.

अक्कलकोट रस्त्याला पोहोचेपर्यंत मागं ही गर्दी! परत येतात तो गल्लीच्या तोंडाशी अड्ड्यावरच्या साऱ्या गाड्या उभ्या, आणि प्रत्येक जुवाखाली माणसं! पाळी सुटलेले मिलमधले, मागावरचे, वखारीतले हमालसुद्धा! जो तो पुण्याला हात लावायला धडपडतोय. अण्णा आशेनं म्हणाले, "मग मी जरा बसतो."

"छे छे!" सगळे एकदम ओरडले. "मानाचं जू तुमचंच! तुमच्याबिगर गाडी हलायची न्हाय!"

बजाबाईनं टोपली भरता भरता जाहीर केलं, "आता हा बसवण्णाचा माल! ह्याला काडी लावली तर पाप लागंल!" अण्णा वर्षभर घसा फोडून जे सांगत होते, ते बजाबाईनं एका वाक्यात संपवलं.

ओलं शेतात गेलं, सुकं भंगारवाल्यानं नेलं, आणि दिवस कलला तेव्हा जागा लखलखीत! बायकांनी सडा घातला. डुक्कर दोनदा येऊन, जागा ओळखू न आल्यानं परत गेलं. पाट मांडला. शिवबाईनं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही आणलं. अण्णांना मान वळवता येत नव्हती, म्हणून ताट समोर धरावं लागलं. ओट्यावरून म्हातारा काठी टेकत आला. मुलाकडं बघून म्हणाला, "शेवटी लागला म्हणायचा औताला!" त्याचे डोळे भरले होते. अण्णांचेही भरले, त्यात थोडा मानेचाही भाग होता.

काशम्मा पुढं आली.

"जागा दिली," ती म्हणाली. "वखारवाल्याला न्हाय म्हणून सांगते. पर एक अट हाय. दर सोमवारी गल्लीचा कचरा असाच शेताला जायचा, आन् गाडी तू वढायचीस. नेम मोडला की जागा माजी!"

अण्णा घास चावायचे थांबले. "दर सोमवारी?"

हार त्यांच्या गळ्यात, कुंकू नाकापर्यंत ओघळलेलं, तोंडात भाकरी, आणि डोळे हे एवढे! शिवबाईनं ते पाहिलं आणि तिला हसू फुटलं. पदर तोंडाशी न्यायचंही सुचलं नाही. हसली, हसली, पोट धरून हसली. अण्णा सवयीनं ढास यायची वाट बघत राहिले. आली नाही! त्या संध्याकाळी धूरच नव्हता.

मग काय बोलणार बिचारा? भाकरी गिळली आणि म्हणाला, "ओढतो की!"

मंगळवारी दुपारी अण्णा पालथे पडून होते, शिवबाई मानेला तेल चोळत होती, आणि बाहेर घुंगरं वाजली. दारात नागप्पा, गाडी, आणि पुढं विश्रांती घेऊन तुकतुकीत झालेली बैलजोडी.

"आता कशाला आणलीस?" अण्णा कण्हले.

"तुमास्नी दाखवाया! बैलं लई खूश हायती अण्णा. म्हणत्यात, सोमवार तेवढा तुमी सांबाळा, बाकीचं आमी बघतो!"