डोळे आखायचे राहिलेत

शेजारच्या बाळारामकाकांनी बाजारातून आणून दिलेला दुधी मी चिरायला घेतला आणि सुरी खाली ठेवली. दुधी माझ्याकडे बघत होता. बॉलपेनने काढलेले दोन डोळे, लांबट, शांत, भुवयांसकट. त्या दिवशी आम्ही पिठलं केलं.

करंजाड्याच्या आमच्या सोसायटीला आता याची सवय झाली आहे. काकांच्या हातात पेन आलं की समोर असेल त्याला डोळे फुटतात. अंडी, कलिंगड, पाण्याच्या टाकीचं झाकण. सेक्रेटरींनी एकदा त्यांना लेखी समज दिली. काकांनी सही करून परत दिली, तर सहीशेजारी डोळे.

काका पनवेलच्या एका गणपती कारखान्यात चाळीसेक वर्षं काम करतात. शाडू मळण्यापासून पितांबराच्या किनारीपर्यंत सगळं त्यांच्या हातचं. फक्त डोळ्यांची आखणी मालक करतात. ती सगळ्यात शेवटी होते, आणि ती होईपर्यंत मूर्ती म्हणजे नुसती माती. एकदा तरी एका मूर्तीचे डोळे आपण आखावेत, एवढीच काकांची इच्छा. मालक बिचारे दरवर्षी ब्रश पुढे करतात आणि दरवर्षी काकांचं काहीतरी होतं. एका वर्षी ते स्वतःच्या चष्म्यावर बसले. एका वर्षी चष्मा खारघरला लेकीकडे राहिला. एकदा तर ऐन दिवशी कपाटाच्या दारात बोट चेमटून घेतलं. वर म्हणायचं काय, तर "हात बसला नाय अजून."

मी जरा फटकळच आहे. गेल्या वर्षी सरळ विचारलं, हा चष्मा नेमका श्रावणातच कसा मोडतो? काका रागावले नाहीत. म्हणाले, "मला कोन आडवत नाय, ताई. मीच माज्या आडवा येतो."

त्यांचे वडील नावाजलेले कारागीर होते. अठराव्या वर्षी काकांनी मोठ्या हौसेने एका मूर्तीचे डोळे आखले. वडिलांनी पाहिले, ओल्या फडक्याने पुसले आणि स्वतः नव्याने आखले. ते वडील जाऊनही आता तीस वर्षं झाली.

यंदा काकांनी स्वतःचाच बंदोबस्त केला. तीन चष्मे करून तीन घरांत ठेवले. शिवाय आमच्या घरच्या गणपतीचे डोळे आपणच आखणार, असं सगळ्या सोसायटीला सांगून टाकलं, म्हणजे माघार घ्यायला तोंड राहू नये. मला कोणी विचारलं नव्हतं. दुधीचं ठीक होतं हो, पण गणपती! सासूबाई दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या.

आखणीच्या दिवशी त्यांना न्यायला गेले, तर उजव्या मनगटाला ही जाडजूड पट्टी. लचकला म्हणाले. मी पट्टी सोडायला घेतली आणि त्यांनी ती सोडू दिली. आत सूज नाही, काही नाही.

"बांदली कवा, तेच कळला नाय," काका ओशाळून म्हणाले.

मी त्यांना रिक्षात घातलं.

कारखान्यात मालकांनी ब्रश दिला आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. काका मूर्तीसमोर मांडी घालून बसले. वरची पापणी एका दमात, मग खालची, मग बुबुळ. इतका स्थिर हात मी पाहिला नाही. आपल्याच मनाची खोडी ओळखून, साठीत पुन्हा मूर्तीच्या पाटासमोर बसलेल्या या माणसाचा मला फार अभिमान वाटला, आणि आदल्या रात्री, काही बिघडलं तर डोळे तुम्ही नव्याने आखा, असा मी गुपचूप मालकांना फोन करून ठेवला होता याची लाजही वाटली.

ब्रश खाली ठेवून काका उठले आणि मूर्तीकडे पाठ करून उभे राहिले.

"ताई, रागानं नाय ना बघत?"

"नाही, काका."

तरी ते वळेनात. मी त्यांचा हात धरून त्यांना समोर आणलं. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि मूर्तीकडे पाहिलं.